तंत्रज्ञानाच्या बातमीत गायरान कुठे आहे?

तंत्रज्ञानाच्या बातम्या देणारी कोणतीही वेबसाईट मोबाईलवर उघडून पाहा. वर नव्या फोनचा चकचकीत फोटो, खाली कॅमेरा, बॅटरी आणि किंमत यांचे कोष्टक, आणि त्याच्याखाली ‘येथे खरेदी करा’ असे बटण. बीडच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहणारा आपला कॉलेजचा पोरगा हेच वाचतो आणि मुंबईतला साहेबही हेच वाचतो.

ही मांडणी आपोआप झालेली नाही. 27 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेतल्या ‘वायर्ड’ मासिकाच्या ‘हॉटवायर्ड’ या वेबसाईटवर एटी अँड टीसारख्या बड्या कंपन्यांच्या जाहिरातपट्ट्या झळकल्या. वेबवरच्या जाहिरातपट्टीची सुरुवात तिथूनच मानली जाते. म्हणजे बातमीच्या डोक्यावर जाहिरात बसवण्याचा पायंडा तंत्रज्ञानाची बातमी देणाऱ्यांनीच पाडला! पुढे वाचकाने लिंकवरून वस्तू घेतली की वेबसाईटला कमिशन मिळू लागले. ज्या वस्तूच्या विक्रीवर आपले पोट चालते तिची खोट काढायला किती जणांची लेखणी धजावेल? सगळेच विकले गेले आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण त्या पानाला वाचक हवा असतो तो गिऱ्हाईक म्हणून, हे विसरता येत नाही.

वाचकाला नागरिक म्हणून धरून ठेवता येते, याचाही दाखला आपल्याच देशात आहे. मार्च 2015 मध्ये ‘ट्राय’ने इंटरनेटच्या समान वापराबाबत 20 प्रश्नांचा जाडजूड इंग्रजी मसुदा काढला. 2008 पासून इंटरनेटच्या धोरणावर बातम्या देणाऱ्या ‘मीडियानामा’चे निखिल पाहवा आणि त्यांच्या सोबत्यांनी तो सोप्या भाषेत उलगडला, उत्तरांचा नमुना तयार केला आणि थोड्या खटाटोपात ‘ट्राय’ला ई-मेल जाईल अशी सोय केली. 10 लाखांहून अधिक ई-मेल गेले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ‘ट्राय’ने वेगवेगळ्या वेबसाईटसाठी वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली आणि फेसबुकचे ‘फ्री बेसिक्स’ गुंडाळले गेले. मात्र ही लढाई मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या शहरी माणसाची होती.

आता बीड जिल्ह्यात या. आपल्या माणसाच्या आयुष्यात तंत्रज्ञान शिरले ते नव्या फोनच्या कौतुकातून नव्हे, सरकारी अ‍ॅपमधून. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद स्वतः करायची. अ‍ॅप गाव विचारते, गट नंबर विचारते, मग खातेदाराचे नाव निवडायला सांगते. पण ज्याचे नाव सातबाऱ्यावरच नाही त्याने काय निवडायचे? एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने याच जिल्ह्यातून गायरान जमिनीचा लढा उभा केला. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. तरीही नाव न लागलेली कुटुंबे गायरान कसतच आहेत. रानात कापूस उभा, पण अ‍ॅपला तो दिसत नाही. नोंद नाही म्हटल्यावर नुकसानभरपाई कशाच्या आधारावर मागायची?

रोजगार हमीचेही तेच झाले. 1 जानेवारी 2023 पासून मोबाईलवरची हजेरी सक्तीची झाली, मजुरांचे दिवसातून दोन फोटो. रेंज गेली की मजुरी टांगणीला! ही तंत्रज्ञानाची बातमी नाही का? नव्या फोनला कोणता रंग आला यावर रकाने भरणाऱ्यांना ती बातमी का वाटत नाही?

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढला तेव्हा शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता. 1927 च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरांची ओवी होती. हे पत्र कोणासाठी आणि कोणत्या भूमिकेतून, ते वाचकाला पहिल्याच नजरेत कळत होते. मांडणी म्हणजे नुसती सजावट असे समजणाऱ्यांनी ते अंक पाहावेत.

आपल्या शिकलेल्या पोरांनी अशी वेबसाईट काढली तर तिचे पान हलके असावे, कमी रेंजमध्ये उघडावे. मजकूर युनिकोड मराठीत असावा. फोटो करून चिकटवलेला मजकूर शोधताही येत नाही आणि मोबाईल तो नीट वाचूनही दाखवू शकत नाही. दसऱ्यानंतर कोयता घेऊन परमुलखात जाणाऱ्या ऊसतोड मजुराला बातमी ऐकता आली पाहिजे. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, लागणारे कागद आणि तक्रार कोणाकडे करायची, हे सगळ्यात वर हवे. फोनची किंमत खाली दिली तरी चालेल. पोरांना तीही हवीच असते.

पहिल्या बातमीसाठी लांब जायला नको. गायरान कसणाऱ्या माणसाने अ‍ॅप उघडल्यावर तो नेमका कुठे अडतो, त्या स्क्रीनचा फोटो काढा. त्याला घेऊन तहसीलमध्ये जा आणि तिथे मिळालेले उत्तर तारखेसह छापा.