सोबत, वास आणि पिंजरा

प्रयोगशाळेतला पांढरा रॅट म्हणजे तपकिरी उंदराचा, रॅटस नॉर्व्हेजिकसचा, माणसाळलेला वंशज. मराठीत रॅट आणि माउस दोघेही उंदीरच; प्रयोगशाळेत मात्र ही सरमिसळ चालत नाही. अनोळखी नर माउस एकत्र ठेवले की चावाचावी ठरलेली. रॅट त्या मानाने मिळूनमिसळून राहतात, एकमेकांवर रचून झोपतात.

मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे. माजावर ती काही तासच असते, तेही बहुधा रात्री. त्या वेळी ती कान थरथरवते, टुणकन उडी मारून पळते आणि एकाएकी थबकते. मागून आलेला नर अंगावर चढताच पाठ खोलगट करून शेपूट बाजूला घेते. वीर्यस्खलनानंतर नर निपचित पडून 22 किलोहर्ट्झच्या आसपास लांबलचक आवाज काढत राहतो. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झपलीकडचे ऐकत नाही, त्यामुळे हे यंत्रावाचून कळत नाही. गर्भ 21 ते 23 दिवसांचा.

लहान पिंजऱ्यात मादीला पळायला जागाच नसते. त्यामुळे समागमाची सूत्रे नराच्या हाती असतात, असा समज बरीच वर्षे टिकला. अमेरिकेत मार्था मॅक्लिंटॉक यांनी ऐसपैस आवारात नर-माद्यांचे गट ठेवले, तेव्हा वेगळेच दिसले. कधी जवळ जायचे, कधी दूर पळायचे, हे मादीच ठरवते. तिच्या चालीने समागम झाला तर गर्भ राहण्याची शक्यताही वाढते, असे पुढच्या प्रयोगांत आढळले. आधीचे निष्कर्ष बऱ्याच अंशी पिंजऱ्याचेच होते म्हणायचे!

गर्दीत रॅट कसे वागतात, याचा प्रयोग जॉन कॅलहून यांचा. 1962च्या त्यांच्या गाजलेल्या लेखातल्या माद्या घरटी अर्धवट सोडत, पिलांकडे दुर्लक्ष करत. वाचकांनी त्यात उंदरांपेक्षा महानगरेच जास्त पाहिली. उलट शिकागोतल्या 2011च्या प्रयोगात रॅटने नळीत कोंडलेल्या सोबत्याला दार उघडून सोडवले. ही कणव की नुसती सोबतीची ओढ, यावर वाद आहे.

सोबत काढून घेतली तर काय होते, याचा एक शोध नागपुरातला. बाहेर मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकत असला, तरी प्राणिगृह विशीच्या आसपास थंड ठेवावे लागते; दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातून मनोज दांडेकर, प्रफुल्ल सिंगरू, दादासाहेब कोकरे आणि निशिकांत सुभेदार यांचा या शोधावरचा निबंध 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता मेंदूतले 'कार्ट' हे पेप्टाइड. एका गटातले रॅट एकेकटे वाढवले. दुसऱ्या गटातल्या रॅटचे गंधकंद, म्हणजे वास ओळखणारा मेंदूचा भाग, शस्त्रक्रियेने काढले. दोन्ही गटांत नैराश्यासारखी लक्षणे दिसली आणि मेंदूतले कार्टही घटले. मेंदूत कार्ट टोचल्यावर पोहण्याच्या चाचणीत रॅटचा हातपाय गाळून तरंगण्याचा वेळ कमी झाला. रॅट सोबती, शत्रू आणि माजावरची मादी ओळखतो ती मुख्यतः नाकाने. वास गेलेला रॅट आणि एकटा वाढलेला रॅट यांचे मेंदू एकाच वाटेने गेले.