मावळ्यांची निष्ठा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानचा लढवय्या समुराई मरेपर्यंत एकाच धन्याचा असतो आणि मावळा पगाराची फिकीर न करता जीव ओवाळून टाकतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दोन्ही समजांत इतिहास कमी आणि नंतरच्या काळाचे कौतुक जास्त आहे.

1600 मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी ऐन वेळी शत्रूला जाऊन मिळाला आणि निकालच फिरला. तोदो ताकातोराने अनेक धनी बदलले, तरी तो मोठा सरदार झाला. समुराईची आचारसंहिता म्हणून ‘बुशिदो’ जगाला माहीत झाला तो मुख्यतः नितोबे इनाझो यांच्या 1900 च्या सुमाराच्या इंग्रजी पुस्तकामुळे. तेव्हा समुराई हा वर्गच उरला नव्हता.

आता आपल्याकडे पाहू. 24 ऑक्टोबर 1657, वसुबारस. कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आली आणि खाडीकाठी गलबते बांधण्याची तयारी सुरू झाली. त्यासाठी पोर्तुगीज कारागीर नेमले, पण वसईच्या पोर्तुगीजांनी समजावताच ते काम टाकून निघून गेले. आरमार मात्र थांबले नाही. किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी आणि मुसलमान खलाशी त्यात आले. 1679 मध्ये खांदेरीच्या झुंजीत मायनाक भंडारी आणि दौलतखान एकाच बाजूने लढले. स्वराज्याची निष्ठा एकाच जातीधर्माची होती, हा समज इथेच गळून पडतो.

निष्ठा रक्तातच असते, हा सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज. मुरारबाजी देशपांडे आधी जावळीच्या मोऱ्यांच्या चाकरीत होते; 1665 मध्ये पुरंदरावर ते महाराजांसाठी पडले. अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे यांनी वतनावर पाणी सोडले, तर त्याच मावळातला खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. माती एकच, निवड वेगळी. आणि गेलेला माणूस कायमचा परका ठरत नसे: मोगलांकडे गेलेले, धर्मांतर झालेले नेताजी पालकर 1676 मध्ये परत आले आणि त्यांना स्वीकारण्यात आले.

महाराजांनी निष्ठा गृहीत धरली नाही, तिची व्यवस्था लावली. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे तीन अधिकारी असत. कारभार तिघांच्या एकविचाराने चाले, म्हणजे एकट्याला फितूर होऊन गड देता येऊ नये. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. लूट सरकारजमा करावी लागे, आणि चाकरीचा मोबदला शक्यतो रोख दिला जाई. पगार घेणारा मावळा कमी निष्ठावान, असे मानणे म्हणूनच अन्यायाचे आहे. वेळेवर मिळालेला पगार हा निष्ठेचा पाया होता. वतन नको, रोख घ्या, हा त्या काळातला मोठा धाडसी निर्णय. त्याचे कौतुक आपण फार कमी करतो.

हा नियम सैल होताच काय होते, तेही दिसले. राजाराम महाराजांच्या काळात मोगल वतनांचे आमिष दाखवून माणसे फोडू लागले, तेव्हा मराठ्यांनाही वतने वाटावी लागली. आपसांतली वैरे वाढली. सेनापती संताजी घोरपडे 1697 मध्ये मारले गेले ते रणांगणावर नव्हे, तर जुन्या वैरातून नागोजी माने याच्या हातून.