दांडगी पोर आणि दगड
(देशोदेशीचं बालवाङ्मय : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण डेन्मार्कच्या अँडरसनपाशी होतो. सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोचलं की नूरच पालटतो. अँडरसनची मुलं सोसतात. आस्त्रिद लिंडग्रेन यांची मुलं उलट बोलतात.

१९४१ साली स्टॉकहोममध्ये त्यांची लेक कारिन न्यूमोनियाने आजारी होती. ‘पिप्पी लाँगस्ट्रुम्पची गोष्ट सांग,’ असा तिने हट्ट धरला. नाव तिनेच त्या क्षणी रचलेलं. असल्या चक्रम नावाची मुलगी साधी कशी असेल? आईने सांगायला सुरुवात केली. १९४४ मध्ये बर्फावर घसरून पाय मुरगळला, तेव्हा पडल्या पडल्या बाईंनी त्या गोष्टी लघुलिपीत उतरवल्या. बोनिएर या बड्या प्रकाशकाने हस्तलिखित साभार परत केलं. मग थोडी काटछाट करून त्यांनी ते राबेन अँड शोग्रेन प्रकाशनाच्या स्पर्धेत धाडलं. पहिलं बक्षीस मिळालं आणि १९४५ मध्ये पुस्तक निघालं.

नऊ वर्षांची पिप्पी एकटी राहते. सोबतीला घोडा, माकड आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेली बॅग. घोडा ती सहज उचलते, पोलिसांनाही उचलून बाहेर ठेवते. शेजारच्या टॉमी-आनिकाकडे कॉफीपानाला जाते तेव्हा अख्खा क्रीम केक एकटीच फस्त करते आणि साखर जमिनीवर ओतते. १९४६ मध्ये एका नामवंत समीक्षकाने नेमका त्या केकवरच आक्षेप घेतला : धडधाकट डोक्याचं मूल असं वागतं का? समीक्षकांना केक दिसला, मुलांना ताकद दिसली. पिप्पीसारखं वागावं असं वाचणाऱ्या मुलांना फारसं वाटत नसावं. टॉमी-आनिका तरी कुठे तशी वागतात, ती वेळेवर घरी जाऊन झोपतात. पण जगातलं सर्वांत बलवान माणूस एक पोर आहे आणि ती त्या बळावर कुणाला छळत नाही, ही गंमत त्यांना बरोबर कळली.

ही गोष्ट कधी रचली गेली तेही पाहायला हवं. बाहेर महायुद्ध चालू होतं. लिंडग्रेनबाई टपाल तपासणीच्या सरकारी खात्यात लोकांची पत्रं उघडून वाचण्याचं काम करत आणि घरी युद्धाची रोजनिशी लिहीत. हातात सत्ता आली की माणसं काय करतात, हे त्या रोज वाचत होत्या. १९७३ च्या ‘लायनहार्ट बंधूं’मधला योनातानही जुलमी सत्तेशी लढतो, पण जीव वाचवायलासुद्धा कुणाला मारणार नाही म्हणतो.

१९७८ मध्ये जर्मन पुस्तकव्यवसायाचा शांतता पुरस्कार त्यांना जाहीर झाला. भाषणाचा मसुदा वाचून आयोजक बिचकले. भाषण न करता पुरस्कार घ्यावा, असं त्यांनी सुचवलं. भाषण नसेल तर मीही येणार नाही, असं बाईंनी कळवलं, आणि फ्रँकफुर्टला भाषण झालं. त्यात एक गोष्ट होती. छडी न वापरणारी एक आई एकदा चिडते आणि मुलालाच छडी शोधून आणायला पाठवते. मूल बऱ्याच वेळाने रडत येतं. छडी मिळाली नाही, पण हा दगड तू मला मारू शकशील, म्हणतं. आई रडू लागते. आपल्याला दुखावण्यासाठी आईला काहीतरी हवंय, एवढंच त्याला समजलेलं असतं. तो दगड ती स्वयंपाकघरात फळीवर ठेवून देते.

पुढच्याच वर्षी स्वीडनने मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. हे श्रेय एकट्या भाषणाला देणं भाबडेपणाचं होईल, कारण कायद्याची तयारी आधीपासून चालली होती. मात्र पिप्पीसोबत वाढलेली पिढी तोवर स्वतः आईबाप झाली होती, हेही विसरून चालणार नाही.

मुलांशी लिंडग्रेनबाईंचं वागणं काही गोडगोड नव्हतं. १९७१ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीने सिनेमात काम मागणारं उद्धट पत्र पाठवलं. बाईंनी खरमरीत उत्तर दिलं, ते मुलीने फाडून संडासात टाकलं. मुलगी घरी-शाळेत अडचणीत आहे हे कळल्यावर मात्र पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. पुढे त्याचं पुस्तकही झालं. अशी हजारो पत्रं आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

पुढच्या आठवड्यात फिनलंडमध्ये राहून स्वीडिशमधून लिहिणाऱ्या टूव्हे यान्सन आणि त्यांचे मुमिन.