जिरणे आणि झिरपणे : सेप्टिक टँकसाठी भूमिपरीक्षा

जमिनीतील पाण्याच्या गतीविषयी मराठीत दोन क्रियापदे रूढ आहेत. जमिनीत शिरून दिसेनासे होणारे पाणी ‘जिरते’. तेच पुढे विहिरीच्या कडेतून, बारीक भेगांतून बाहेर येऊ लागले म्हणजे ‘झिरपते’. पहिल्या क्रियापदात बोलणाऱ्याची दृष्टी प्रायः पाणी शिरते त्या जागी असते, दुसऱ्यात ते निघते त्या जागी. हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नव्हे. नाशिकच्या कडेला, मलवाहिनी न पोचलेल्या मळ्यांत, घरे उभी राहत आहेत. तेथे सेप्टिक टँकमधून निघणारे पाणी शोषखड्ड्यात सोडावयाचे असते आणि पिण्याची विहीरही पुष्कळदा त्याच आवारात असते. अशा जागेची परीक्षा कशी करावी, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

पहिली परीक्षा जिरण्याची. तिची रीत भारतीय मानक २४७० (भाग २, १९८५) यात दिली आहे. नियोजित चराच्या खोलीइतका, १० ते ३० सेंमी रुंदीचा खळगा खणून तळाशी ५ सेंमी जाडीचा बारीक खडीचा थर द्यावयाचा. त्यात पाणी भरून माती शक्यतो रात्रभर भिजू द्यावयाची आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी २५ मिमी उतरण्यास किती मिनिटे लागतात ते मोजावयाचे. ३० मिनिटांपर्यंत वेळ लागल्यास शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटे लागल्यास पाणी लांब चरांत पसरून सोडावे लागते. त्याहून अधिक वेळ लागल्यास जमिनीवर विसंबता येत नाही, गाळणीची निराळी योजना करावी लागते.

माती भिजविण्याची अट निव्वळ उपचार नव्हे. निफाडकडील गोदाकाठच्या काळ्या जमिनीत पाणी शोषून फुगणारे चिकणखनिज असते. मे महिन्यात अशा जमिनीला भेगा पडतात आणि ओतलेले पाणी पाहता पाहता नाहीसे होते. तीच माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी तुंबून राहते. कोरड्या मातीवर केलेली चाचणी म्हणूनच फसवी ठरते.

मुरमाड जमिनीत फसगत उलट प्रकारची होते. तेथे पाणी त्वरेने जिरते, चाचणी उत्तम उतरते आणि घरमालक निर्धास्त होतो. परंतु पाणी फार लवकर जिरणे म्हणजे गाळणे न होणे. बारीक मातीतून सावकाश जाताना पाण्यातील जंतू अडकतात व मरतात. मुरमाखालील अग्निजन्य काळ्या खडकाच्या भेगांतून ते न गाळता दूरवर जाऊ शकते. पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर अंतर ठेवावे, असे मानक सांगते; पण तडे गेलेल्या खडकात तेवढे अंतर पुरेलच असे नाही.

म्हणून दुसरी परीक्षा झिरपण्याची, आणि ती शेजारच्या विहिरीत करावयाची. विहिरीच्या कडेला काळी, मुरूम व खडक यांचे थर उघडे दिसतात. पाण्याची पातळी उन्हाळ्यातील नव्हे, पावसाळ्यातील पाहावी. ती जमिनीपासून १८० सेंमीच्या आत येत असेल तर नेहमीचा शोषखड्डा योग्य ठरत नाही. पाण्याचा नमुनाही तपासून घ्यावा. भारतीय मानक १०५०० (२०१२) अन्वये पिण्याच्या १०० मिली पाण्यात ई. कोलाय जंतू मुळीच आढळता कामा नये आणि नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये. जंतू पाणी उकळल्याने मरतात, नायट्रेट मात्र जात नाही, आणि तान्ह्या मुलांना त्याचा विशेष धोका असतो. द्राक्ष-कांद्याच्या शेतांतील खतांमुळेही नायट्रेट वाढते. तेव्हा टाकी बांधण्यापूर्वीचा एक व नंतरचा एक असे दोन नमुने ताडून पाहिल्यावाचून दोष कोणाचा हे ठरविता येत नाही.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेने ‘जिरविणे’ या शब्दाला पुण्याईचे वलय प्राप्त झाले आहे. पावसाच्या पाण्यापुरते ते उचितही आहे. सांडपाण्याच्या बाबतीत मात्र ‘अन्न जिरले’ या प्रयोगातील अर्थ ध्यानात ठेवणे श्रेयस्कर. तेथे जिरणे म्हणजे दृष्टिआड होणे नव्हे, तर पालटून जाणे होय. सांडपाण्यात तो पालट घडविण्याचे सामर्थ्य त्या विशिष्ट जमिनीत आहे की नाही, एवढेच या दोन परीक्षांनी ठरवावयाचे असते.