काळी पाटी, पिवळी अक्षरं

अलिबाग, रेवदंडा, नवगावची बेने इस्राएल (कोकणी ज्यू) घराणी इस्राएलला गेली, तरी सुट्टीत नातवंडांना घेऊन गावी येतात. अलिबागचं सिनेगॉग, नवगावचं जुनं दफनस्थान, अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा टापा (खडकावरची खूण), हे सगळं पाहायचं तर हाताशी गाडी हवी. लंडन किंवा न्यू जर्सीहून माहेरी येणाऱ्यांनाही ती हवीच असते. पण गाडीबद्दल त्यांच्या कानावर पडणारं बरंचसं खरं नसतं.

"तिकडचा परवाना आहे ना, मग झालं." तेवढ्याने होत नाही. मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, दोन्ही जवळ बाळगावीत. १९४९ च्या जिनिव्हा करारात भारत आणि इस्राएल दोघेही आहेत. परमिट त्या करारानुसार मिळतं आणि परवाना ज्या देशाचा, तिथूनच काढून आणावं लागतं. पेणच्या आरटीओत ते मिळतं, पण भारतीय परवाना असलेल्या आणि परदेशी निघालेल्या माणसाला : फॉर्म ४-अ, हजार रुपये, एक वर्षाची मुदत. परमिट म्हणजे परवान्याचं भाषांतर, एकट्या परमिटवर गाडी चालवता येत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचा तर याच्याशी संबंधच नाही. कपाटातला जुना भारतीय परवाना मुदत संपून वर्षावर गेला असेल, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वेगळाच आहे. "ओळखीतली गाडी आहे, दिवसाचे पैसे द्या आणि न्या." गाडीची पाटी पांढरी आणि अक्षरं काळी असतील, तर ती खासगी गाडी. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात (विजेवरची असेल तर हिरवी पाटी, पिवळी अक्षरं). फरक फक्त रंगाचा नाही. खासगी गाडीची विमा पॉलिसी उघडा आणि वापराच्या मर्यादा वाचा : भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला असतो. मामाने भाच्याला गाडी फुकट दिली आणि भाच्याकडे वैध परवाना आहे, तर विमा लागू राहतो. त्याच गाडीचे पैसे घेतले की कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. अपघातात कुणी जखमी झालं तर न्यायालय कधी कधी कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. वाहतुकीच्या परमिटशिवाय (हे ड्रायव्हिंग परमिट नव्हे, गाडीचं) गाडी भाड्याने चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली दहा हजारांचा दंड आहे, कैदही होऊ शकते. पाहुण्याचा प्रवास बिघडतो, पण गावातल्या गाडीमालकाचं घर बसतं. ओळखीच्या माणसाला त्यात ढकलू नका.

मुंबईत भाड्याने घेतलेली गाडी घेऊन अलिबागपर्यंत सगळा रस्ता तुडवावा लागतो, हेही आता खरं नाही. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट गाड्या घेऊन साधारण तासाभरात येते. गेटवेच्या बोटी मात्र फक्त माणसं नेतात. पुढे मुरूडकडून श्रीवर्धनला जाताना आगरदांडा-दिघी जंगलजेटीवर (गाड्या नेणाऱ्या बोटीवर) गाडी चढवली की खाडीचा मोठा वळसा वाचतो.

राहिली पुळण. ओहोटीला ती टणक दिसते, म्हणून गाडी सरळ पाण्यापर्यंत नेली जाते. भरती येते, चाकाखालची वाळू सरकते आणि गाडी रुतते. २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याला एक फेरारी अशीच रुतली, ती शेवटी बैलगाडीने ओढून काढली. दोर लावून गाडी बाहेर येते, पण खारं पाणी वायरिंगमध्ये राहतं. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर इंजिन निकामी होऊ शकतं आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी पॉलिसीला इंजिन-संरक्षणाची जादा जोड लागते. भाड्याच्या गाडीवर ती आहे का, हे करारावर सही करण्याआधी विचारा. गाडी किनाऱ्याच्या रस्त्यावरच उभी करा. तरीही कधी पाण्यात अडकलात, तर चावी फिरवू नका, ट्रॅक्टर बोलवा.