चित्रातले आंबे मोजायचे कसे?

‘टोपलीत सात आंबे ठेवलेले चित्र काढ,’ अशी सूचना आज संगणकाला देता येते आणि काही क्षणांत चित्र पडद्यावर उमटते. टोपलीची वीण, आंब्यांवरची लाली, देठाशी सुकलेला चीक, सारे कसे हुबेहूब! पण विद्यार्थी मित्रांनो, आंबे मोजू लागलात की कधी सहाच भरतात, कधी नऊ. आकडेमोडीत ज्याचा हात कोणी धरू शकत नाही, त्या संगणकाला सात आंबे काढता येऊ नयेत?

याचे कारण असे, की चित्र काढताना तो मोजतच नाही. २०२२ पासून ज्या चित्रप्रणाली सर्वत्र पसरल्या, त्यांतील बहुतेकींची रीत मोठी मजेदार आहे. आरंभी असतात नुसते विस्कटलेले ठिपके. सूचनेतील शब्दांशी जुळेल अशा बेताने हा गोंधळ टप्प्याटप्प्याने कमी केला जातो आणि धुके विरून डोंगर दिसावा तसे सगळे चित्र एकदमच स्पष्ट होत जाते. एक आंबा झाला, आता दुसरा, अशी पायरी त्यात कोठेच नाही.

शब्द आणि चित्र यांचे नाते या प्रणाली कोट्यवधी चित्रे व त्यांखालचे मथळे पाहून शिकतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्लिप’ या प्रणालीला अशा ४० कोटी जोड्या दाखवल्या होत्या. पण मथळा लिहिणारा माणूस ‘बाजारात आलेले आंबे’ एवढेच लिहितो. किती, ते लिहीत नाही. संख्या आली तरी तिचा अर्थ निराळाच असू शकतो. ‘५ वर्षांची मुलगी’ या मथळ्यावरच्या चित्रात मुलगी एकच असते! म्हणून २०२३ साली गूगलच्या संशोधकांनी मथळ्यातील संख्या आणि चित्रातील वस्तू जुळतात अशाच जोड्या वेचून काढल्या आणि ‘क्लिप’ला दहापर्यंत मोजायला शिकवण्याचा प्रयत्न केला. परीक्षेसाठी त्यांनी दोन ते दहा वस्तू असलेली ५४० चित्रे निवडली.

आता खरा प्रश्न येतो. एखादी प्रणाली सुधारली की नाही, हे ठरवायचे कोणी? वस्तू ओळखणारी दुसरी प्रणाली मोजणीस लावता येते, व तशी लावतातही. पण एकमेकांत मिसळलेले दोन आंबे पाहून तीही गोंधळते. तेव्हा शेवटी माणसालाच बसवून मोजायला लावावे लागते.

हे काम फार सोपे वाटते ना? समजा, चित्रात सहा आंबे स्पष्ट आहेत, एक पानाआड अर्धा दडलेला आहे, आणि टोपलीच्या कडेला दोन आंबे असे चिकटले आहेत की दोघांना देठ एकच. एक निरीक्षक म्हणेल आठ, दुसरा म्हणेल नऊ, आणि चिकटलेल्या जोडीला आंबा मानायलाच तयार नसलेला तिसरा सातावर थांबेल. तिसऱ्याच्या मते चित्र अचूक! म्हणजे यंत्र बरोबर की चूक, हे ‘एक आंबा’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून राहिले.

असा पेच विज्ञानाला नवा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजताना काचेवर चौकटी आखलेल्या असतात. रेषेवरच बसलेली पेशी कोणत्या चौकटीत धरायची? त्यासाठी नियम ठरलेला असतो. उदाहरणार्थ, वरच्या व डाव्या रेषेवरची पेशी धरायची. खालच्या व उजव्या रेषेवरची सोडून द्यायची. त्यामुळे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. लंबकाचा प्रयोग करताना आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही गोळा सोडताक्षणीच ‘एक’ म्हणतात आणि वीस आंदोलने म्हणून एकोणीसच मोजतात. नियम मोजणीच्या आधी लिहावा लागतो. चित्र पाहून नंतर ठरवला, तर तो आपल्या मनासारखा वाकतो.

निरीक्षकाच्या डोळ्यांचीही मर्यादा आहे. इंग्लंडमधील विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. पेटीत मूठभर घेवड्याचे दाणे टाकायचे आणि एका दृष्टिक्षेपात संख्या सांगायची. असे त्यांनी १,०२७ वेळा केले! तीन किंवा चार दाणे असताना त्यांची चूक एकदाही झाली नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि संख्या वाढली तशा वाढत गेल्या. चिंचोके घेऊन तुम्हीही हे करून पाहा. म्हणूनच सात-आठ वस्तूंचे चित्र नुसते पाहून आकडा लिहिणे धोक्याचे. प्रत्येक वस्तूवर खूण करत मोजणे बरे.

एकच चित्र दोघांना स्वतंत्रपणे मोजायला दिले, तर त्यांचे किती जुळले हे पाहता येते. येथे एक फसगत आहे. समजा, १०० चित्रांपैकी प्रत्येक निरीक्षकाने ८० ‘बरोबर’ व २० ‘चूक’ ठरवली, आणि दोघांचे मत ८४ चित्रांबाबत एक झाले. वा, छान! पण थांबा. दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात शिक्के मारले असते, तरी सरासरीने ६४ चित्रांवर दोघांचा ‘बरोबर’ आणि ४ चित्रांवर दोघांचा ‘चूक’ जुळला असता. म्हणजे ६८ ठिकाणी योगायोगानेच एकमत! योगायोगाच्या वर शिल्लक होती ३२ चित्रे, आणि त्यांतली १६ च खऱ्या अर्थाने जुळली. तेव्हा एकमत अर्धेच, ०.५. ही रीत जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडली आणि हा आकडा ‘कॅपा’ या नावाने ओळखला जातो.

चित्र किती चांगले, याला गुण देणे तर आणखी अवघड. पाचपैकी गुण द्यायला सांगितले, की काही परीक्षक सढळ हाताचे निघतात, काही कंजूष. हे तुम्हाला उत्तरपत्रिकांवरून ठाऊक आहेच! त्यावर तोड म्हणून दोन प्रणालींची चित्रे शेजारी शेजारी ठेवून ‘कोणते सरस?’ एवढेच विचारतात. २०२२ मध्ये गूगलच्या ‘इमेजेन’ प्रणालीची परीक्षा अशीच झाली. तिच्यासाठी २०० सूचना ११ गटांत विभागल्या होत्या आणि त्यांत मोजणीचा एक वेगळा गट होता. अशा तुलनेत कोणते चित्र कोणाचे हे निरीक्षकाला कळू न देणेच योग्य.

शितावरून भाताची परीक्षा मात्र येथे चालत नाही. आरंभीचे ठिपके दर खेपेस निराळे असल्याने त्याच सूचनेला दर खेपेस निराळे चित्र येते. म्हणून एकेका सूचनेची अनेक चित्रे तपासावी लागतात.

२०२४ साली गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी अशा बऱ्याच प्रणाली तपासल्या. लहान संख्या त्यांना बऱ्यापैकी जमत होत्या, पण संख्या एकेकाने वाढवत नेली की यश भराभर घसरत होते. ‘थोडेसे’, ‘तितकेच’ असे शब्दही त्यांना नीट उमगत नव्हते. आणि शून्य? तेथेही त्या अडखळत होत्या. यात नवल नाही. नसलेल्या वस्तूचा मथळा कोण लिहितो? ‘एकही आंबा नसलेली टोपली’ असे म्हणताना आंब्याचे नाव मात्र सूचनेत येतेच. अशा चित्रापुढे निरीक्षकाला टोपलीचा कोपरा न् कोपरा पाहावा लागतो आणि काहीच सापडले नाही, तर तक्त्यात ० हा आकडा स्पष्ट लिहावा लागतो. रकाना कोरा ठेवला, तर ते चित्र मोजायचेच राहून गेले असा त्याचा अर्थ होईल.