आळंदीहून वर, इंद्रायणीच्या काठाकाठानं

माउलींच्या समाधीचं दर्शन घेऊन घाटावर आलं की बहुतेकांची गाडी पुण्याकडे नाहीतर चाकणकडे वळते. ती एकदा पश्चिमेला वळवा, नदी जिकडून येते तिकडे. मोशी, चिखली, तळवडे करत देहू. मग इंदोरी, तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा आणि शेवटी कुरवंडे. अंतर म्हणाल तर साठ-सत्तर किलोमीटर. घाईत असाल तर दीड-दोन तासांत उरकेल. पण तेच अंतर जुन्या रस्त्यानं, चाळीसच्या वेगानं, वाटेत थांबत, सबंध दिवस घालवून जा. एवढ्याशा टप्प्यात माती बदलते, पीक बदलतं, छपरांचा उतार बदलतो, पाऊस तर पाचपटीहून जास्त वाढतो. आणि हे सगळं काचेबाहेर, एकामागून एक, क्रमानं घडताना दिसतं. जगात असा रस्ता फार ठिकाणी सापडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या पट्ट्यात यासाठी एक सोय आहे. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर मुंबई-पुणं एकत्र लोटतं. गुरुवारी तोच रस्ता मोकळा. ज्यांचा आठवडा पंचिंग मशीनवर सुरू होतो आणि तिथंच संपतो, त्यांच्या वाट्याला हा रिकामा रस्ता येतो.

आता हळू का, ते सांगतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. माणसाचा डोळा सलग बघत नाही. तो सेकंदात साधारण तीन-चार वेळा कुठंतरी टेकतो आणि पुन्हा उडी मारतो. शंभरच्या वेगात एक नजर टेकून दुसरी टेकेपर्यंत सात-आठ मीटर रस्ता मागे जातो. जवळचं झाड, बांधावरची बाई, मैलाचा दगड यांची नुसती रेघ होते. मग मेंदू ती रेघ सोडून देतो आणि लांबच्या रस्त्यावर चिकटून राहतो. चाळीसला हेच अंतर तीन मीटरवर येतं आणि कडेचं जग पुन्हा उभं राहतं. देहूजवळ भंडारा डोंगर बराच वेळ बरोबर चालत राहतो आणि कडेच्या बाभळी मात्र मागे पळतात, ते लहान मुलाला जरूर दाखवा. गाडी दहा मीटर पुढे सरकली तर जवळच्या बाभळीची दिशा पार बदलते, दूरच्या डोंगराची नावाला. या फरकावरूनही मेंदू अंतराचा हिशेब मांडतो. (हे बघायचं काम मागच्या सीटवरच्यांचं. चालवणाऱ्यानं रस्ताच बघावा आणि बघायची हौस आलीच तर गाडी बाजूला घ्यावी.)

इंदोरीच्या अलीकडे कुंडमळ्याला नदी खडकात उतरते. इथला खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. महाराष्ट्राचं बहुतेक पठार याच थरांनी रचलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खडकात गोल, गुळगुळीत खळगे उघडे पडतात. यांना रांजणखळगे म्हणतात. एखाद्या खळग्यात वाकून बघा. तळाला थोडी वाळू आणि दोन-चार गोटे असतात. खळगा कोरणारं हत्यार ते हेच. पुरात पाणी भोवरा धरतं, गोटे त्यात गरागरा फिरतात आणि खाली घासतात. घासून ते झिजून जातात, पुढच्या पुरात नवे येतात. पावसाळ्यात मात्र इथं पाण्याजवळ जाऊ नका. १५ जून २०२५ रोजी इथला जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

वडगाव मावळ इतिहासात आहे ते जानेवारी १७७९ मधल्या लढाईसाठी. इथं मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडलं आणि तह करायला लावला. पण मला या गावाबद्दल जास्त अप्रूप आहे ते भातासाठी. आळंदी-चाकणच्या बाजूला ज्वारी-बाजरी आणि कांदा बघत आलेला माणूस इथं पोचेपर्यंत भाताच्या खाचरांत शिरलेला असतो. इथल्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून एक वाण काढलं, १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती दिलं आणि त्याला नदीचंच नाव ठेवलं: इंद्रायणी. पुण्याच्या घराघरांत शिजतो तो हाच. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८चं उत्पन्न, दोन्ही जमेल तेवढं साधलेलं.

सप्टेंबरच्या शेवटी, भात फुलोऱ्यावर असताना, कामशेतच्या आसपास एसी बंद करून काचा खाली करा. शिजलेल्या भाताचा वास उभ्या शेतातून येतो! सुवासिक तांदळाच्या वासामागचं मुख्य द्रव्य आहे २-ॲसिटाइल-१-पायरोलिन. ताज्या पावाच्या खरपूस कडेलाही तेच असतं. ते इतकं तीव्र, की कणभरही नाकाला पुरतं. आणि बहुतेक सुवासिक तांदळांत ते साठतं, कारण त्यांच्यातलं एक जनुक बिघडलेलं असतं. ते जनुक धड असतं तर झाडानं त्यासाठी लागणारा कच्चा माल दुसरीकडे वळवला असता. कधीकाळच्या एका बिघाडाला शेतकऱ्यांनी वासावरून ओळखलं, त्याचं बी वेगळं राखलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलं. बंद काचेच्या गाडीत हे कुठून कळणार?

कामशेतच्या पुढे पावसाची खूण घरांवर दिसू लागते. छपरं तिरकी होत जातात, पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतींना प्लास्टिकचे कागद बांधलेले असतात. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीला थडकतो आणि वर चढतो. वर गार हवेत त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते तिथंच कोसळतं. भिंत ओलांडून वारा पठारावर उतरतो तेव्हा त्याच्यातलं बरंच ओझं सांडलेलं असतं. शिवाय उतरताना तो तापतो आणि उरलेली वाफ धरून ठेवतो. आळंदीच्या वाट्याला येतो तो हा हलका झालेला वारा.

कार्ल्याची लेणी वाटेतच आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत, आणि त्याही अशा पावसाच्या देशात. चढून बघाच.

लोणावळा सोडून आयएनएस शिवाजीच्या बाजूनं कुरवंड्याला पोचलात की इंद्रायणी जवळजवळ संपते, म्हणजे सुरू होते. नदीचा उगम म्हटला की आपल्याला वाटतं, डोंगराच्या पोटात एखादी अरुंद घळ असेल. इथं तसं नाही. दरी उगमापाशीच चांगली ऐसपैस आहे आणि नागफणीजवळ ती एकदम कड्यावर तुटते. खाली कोकण. एवढ्याशा ओढ्यानं एवढी रुंद दरी कशी कोरली? भूशास्त्रज्ञ सांगतात, कडा पूर्वी आणखी पश्चिमेला होता. कोट्यवधी वर्षं पावसानं आणि कोकणातल्या आखूड, वेगवान नद्यांनी तो खात खात मागे ढकलला आणि पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांचे माथे त्यात कापले गेले. म्हणजे आपण उभे असतो तो उगम नव्यानं तयार झालेला. जुन्या नदीचा वरचा भाग समोरच्या रिकाम्या हवेत होता. इथून खाली उतरणाऱ्या कुरवंडे घाटानंच १६६१ च्या फेब्रुवारीत मुघल सरदार कारतलबखान कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या तावडीत सापडला.

कड्याच्या अलीकडे पडलेल्या थेंबाला समुद्र पन्नासेक किलोमीटरवर असतो, तरी तो त्याच्याकडे पाठ फिरवतो. पठार पूर्वेला कललेलं आहे, म्हणून तो आळंदीला जातो, तुळापूरला भीमेत मिसळतो, उजनीच्या धरणात थांबतो, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवतो आणि कृष्णेतून हजाराहून जास्त किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो. पण सगळेच थेंब नाहीत. टाटांनी लोणावळा, वळवण इथं पाणी अडवलं आणि पाइपांतून पाचशे मीटरहून अधिक खाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीला वीज काढली. ते पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्राला जातं. इंद्रायणीला मिळणाऱ्या आंध्रा नदीचं पाणीही ठोकळवाडीच्या धरणातून भिवपुरीला उतरतं, १९२२ पासून.

उरलेलं पाणी मावळातून त्यामानानं स्वच्छ येतं आणि खाली शहराचं, कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेऊन आळंदीच्या घाटावर फेस होऊन तरंगतं. ज्यानं सकाळी हा फेस बघितला आणि दुपारी कुरवंड्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याला याचा राग यायलाच हवा. मला येतो.

पुढच्या सुट्टीला उलटी दिशा धरा. आळंदीहून मरकळवरून तुळापूर जवळ आहे. भीमा, भामा आणि इंद्रायणी तिथं एकत्र येतात, आणि १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा अंत झाला तो याच परिसरात. नोव्हेंबर-डिसेंबरात जा. तेव्हा पाणी उतरलेलं असतं आणि नद्यांच्या धारा शेजारी शेजारी, वेगवेगळ्या रंगांच्या, बघता येतात का ते शोधायला मजा येते.